समता : मनातली आणि पाणवठ्यावरली

हल्ली आपल्या पोरांच्या तोंडी एक वाक्य फार येतं. बैठकीला का आला नाहीस म्हणून विचारलं की उत्तर मिळतं, "सध्या मी स्वतःवर काम करूलालो, दादा." मी कापसावर काम करतो. लोखंडावर काम करणारी, मातीवर काम करणारी माणसं मला ठाऊक आहेत. पण स्वतःवर काम करणं म्हणजे नेमकं काय? त्याची मजुरी कोण देतं, आणि तयार झालेला माल शेवटी कुणाच्या गोदामात जातो? या प्रश्नांनी मला सहा महिने छळलं. म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि जिनिंग सुरू झाली. आमच्याकडं तिलाच मिल म्हणतात. जे काही वाचलं ते आमच्या विहारातल्या लोखंडी पेटीतलं. गावाचं नाव कागदावर हिमायतनगर, म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून वाढोणा. तेव्हा विद्वानांची भाषा माझ्याकडं मागू नका. चुकलं असेल तर तोंडावर सांगा, पाठीमागं कुजबुजू नका.

आत्मिक उन्नती, व्यक्तिमत्त्व विकास, स्वतःचा शोध, अशा नावांनी जो माल आपल्यापर्यंत येतो त्याची मला तीन दुकानं दिसली. तिन्हींत मी गिऱ्हाईक म्हणून जाऊन आलोय. त्यामुळं हे लांबून दगड मारणं नाही.

पहिलं दुकान पुस्तकांचं. ऱ्होंडा बर्न या बाईंचं 'द सीक्रेट' २००६ साली आलं, मराठीतही आलं, आणि त्याच्या मागं तसल्याच पुस्तकांची रांग लागली. म्हणणं एवढंच, की माणूस मनात जे धरतो तेच त्याच्याकडं ओढलं जातं. श्रीमंती धरली तर श्रीमंती, रोग धरला तर रोग. मी पण हंगामभर उशाला असलं पुस्तक घेऊन झोपलो. मग एका रात्री वाटलं, माझ्या आज्यानं गावकुसाबाहेरचं घर मनात धरलं होतं का? त्याच्या आजीनं मेलेल्या ढोराची ओढ लावून घेतली होती का?

दोस्तांनो, हा जुनाच कोट आहे, फक्त उलटा करून शिवलाय. पूर्वी सांगायचे, मागच्या जन्माचं पाप भोगतोयस. आता सांगतात, या जन्मातला नकारात्मक विचार भोगतोयस. दोन्हीकडं आरोपी एकच, तू. पाटील सुटला, सावकार सुटला, ठेकेदार तर साक्षीलासुद्धा आला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासलाय. गरिबाच्या दैन्याला त्याचंच पूर्वकर्म कारण आहे असं एकदा ठरलं, की राज्य आणि समाज दोघांचीही जबाबदारी संपते, हे त्यांनी बरोबर पकडलं. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर तो ग्रंथ निघाला. स्टँडवरच्या या पुस्तकांचं परीक्षण त्यात आधीच होऊन बसलंय.

दुसरं दुकान शिबिराचं. तिथं फळ्यावर एक त्रिकोण काढतात. अब्राहम मॅस्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली माणसाच्या गरजांचा क्रम मांडला. खाली भूक, वर सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि सगळ्यात वर स्वतःमधलं जे काही असेल ते पूर्ण फुलणं. हा क्रम प्रत्येकात तसाच्या तसा लागू होतो असं नाही, हे मॅस्लोनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. फळ्यावर मात्र ते येत नाही. फळ्यावर शिडी येते. आधी पोट भरा, घर बांधा, मग मानाचं बोला, आणि आत्म्याचं तर रिटायर झाल्यावर.

आता ही शिडी घेऊन महाडला जाऊ. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जी माणसं गेली, त्यांची पोटं भरलेली होती का? त्यांचं घर, त्यांची जमीन, त्यांचा जीव सुरक्षित होता का? पाणी पिऊन परत फिरताना त्यांच्यावर हल्ले झाले, डोकी फुटली. शिडीच्या हिशेबानं त्यांनी आधी भाकरीचं बघायला पाहिजे होतं. त्याच वर्षी डिसेंबरात परिषद भरली तेव्हा बाबासाहेबांनी साफ सांगितलं, की या तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नाही. आपण माणसं आहोत हे ठरवायला तळ्यावर जायचंय. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसानं सगळ्यात वरच्या गोष्टीला हात घातला.

लांब कशाला जाता? आपल्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी घ्या. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, आणि ऑगस्टमध्ये नामांतराच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या पोचिराम कांबळ्यांना ठार मारलं गेलं. ते उभे राहिले ते स्वतःच्या डिग्रीसाठी नाही. नाव बदललं १४ जानेवारी १९९४ ला, साडेपंधरा वर्षांनी. पोचिरामांचा 'व्यक्तिमत्त्व विकास' कुठल्या पायरीवर मांडायचा? त्या त्रिकोणात त्यांना जागाच नाही.

तिसरं दुकान ध्यानाचं. त्याला दुकान म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. कारण तिथं सगळाच व्यापार नाही. सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले. तिथं सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं विपश्यना शिकले, १९६९ साली भारतात येऊन शिबिरं घेऊ लागले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीला शिबिरं भरू लागली. दहा दिवस, आर्य मौन, फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून खर्च चालतो. हे मान्य केलंच पाहिजे.

माझा एक दोस्त दहा दिवस बसून आला. आधी त्याला रोज क्वार्टर लागायची. बायकोवर हात उचलायचा आणि सकाळी आमच्याबरोबर भीमगीतं म्हणायचा. दहा दिवसांनी आला आणि दारू सुटली. हात उचलणं थांबलं. आम्ही पाच वर्षं भाषणं करून जे जमवू शकलो नाही ते श्वासानं जमवलं. हे मी नाकारणार नाही, नाकारणारा लबाड.

पण पुढं काय झालं? तो बैठकीला येईना. गायरानाच्या मोर्च्याला आला नाही. म्हणलं, "का रे?" तर म्हणाला, "मोर्च्यात राग येतो. मला समता ठेवायचीय."

समता! या शब्दावर मी थांबलो, तो आजपर्यंत थांबलोय. विपश्यनेत समता म्हणजे अंगावर जी संवेदना येईल, सुखाची असो की दुखाची, तिच्याकडं न हलता पाहणं. ओढूनही घ्यायचं नाही, ढकलायचंही नाही. आपल्या चळवळीत समता म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही. एकच शब्द. एक मनातला, एक पाणवठ्यावरला. माझ्या दोस्ताला पहिला सापडला आणि त्याला वाटलं दुसऱ्याचंही काम भागलं. गोयंकाजी स्वतः सांगायचे, की समता म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे. पण कानात जे सोयीचं तेच शिरतं. माझ्याही कानात तसंच शिरलं. ते आता सांगतो.

गेल्याच्या गेल्या हंगामात मुकादमानं हजेरीची वही माझ्याकडं दिली. अक्षर चांगलं म्हणून. उचल-टाक कमी झाली, बसायला खुर्ची आली. त्याच काळात मी मोबाईलवर ऐकून रोज रात्री ध्यानाला बसायला लागलो होतो. झोप यायला लागली, चिडचिड गेली, सगळे म्हणायला लागले, पोरगं सुधरलं. मलाही वाटलं, आपली वाढ होतेय.

आमच्याकडं रोलरवर कापूस टाकायला बाया असतात. साडीवरून मर्दानी शर्ट घालतात, तोंडाला फडकं बांधतात, तरी रात्री थुंकीतून रुई निघते. त्यातल्या एका मावशीचा पदर शर्टातून सुटून पट्ट्यात गेला. पदरामागं हात गेला. दोन बोटं राहिली नाहीत. तिला टेम्पोत घालून नेलं आणि तासाभरात मशीन परत सुरू झालं.

संध्याकाळी ठेकेदारानं मला बोलावलं. म्हणाला, आजचं पान फाड आणि नव्यानं लिही. ती बाई आज कामावर नव्हती. मी काय केलं? मी श्वासाकडं पाहिलं. छातीत धडधड होत होती, तिच्याकडं न हलता पाहिलं. धडधड हळूहळू गेली. मग मी पान नव्यानं लिहिलं, वळणदार अक्षरात, तिचं नाव सोडून. आणि दोस्तांनो, माझं मन खरोखर शांत होतं. हे सांगताना आज लाज वाटते, त्या वेळी वाटली नव्हती.

अजून वाईट पुढं आहे. चार दिवसांनी मी त्या तुटलेल्या बोटांवर कविता लिहिली. तालुक्याच्या कार्यक्रमात म्हणली. टाळ्या पडल्या, एका सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, तुझी जाणीव आता विस्तारतेय. त्या रात्री मावशी दवाखान्यात होती आणि तिच्या पोरानं औषधासाठी मोबाईल विकला होता. माझी जाणीव विस्तारत होती आणि हजेरीच्या वहीत ती बाई गैरहजर होती.

घरी आलो, मायला कविता ऐकवली. माय निंदणीला जाते, तिला अक्षर येत नाही. ऐकून म्हणाली, "तिचं नाव का लिहिलं नाहीस मग?" मी म्हणलं, "माय, मी आता असल्या गोष्टींनी हलत नाही. शांत झालोय." माय म्हणाली, "शांत झालास का मेलास रे?"

त्या रात्री मी ध्यानाला बसलो नाही. पेटीतून आणलेला ग्रंथ उघडून बसलो. आधी दोनदा वाचला होता, पण पूजा केल्यासारखा. आता भांडत भांडत वाचला.

बाबासाहेब सुरुवातीलाच काही प्रश्न टाकतात. त्यातला एक भिक्खूविषयी आहे. बुद्धानं भिक्खू कशासाठी निर्माण केला? एक परिपूर्ण माणूस घडवावा म्हणून, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि वाट दाखवणारा माणूस घडवावा म्हणून? आणि ते कसलीही भीडभाड न ठेवता म्हणतात, की भिक्खू नुसताच परिपूर्ण असेल तर त्याचा धम्माला उपयोग नाही. कारण तो परिपूर्ण असला तरी शेवटी आपमतलबीच. आत्मिक उन्नतीच्या सगळ्या बाजारावर यापेक्षा कडक टीका मी वाचलेली नाही. स्वतःला घासून पुसून लख्ख केलेला माणूससुद्धा स्वार्थी असू शकतो. मी वहीतलं पान बदललं तेव्हा आतून लख्खच होतो.

मग गृहत्यागाचा भाग. आपण लहानपणापासून ऐकलेलं, की सिद्धार्थानं म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. बाबासाहेबांना हे पटत नाही. ते साधा प्रश्न विचारतात, की एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता? मग ते रोहिणी नदीचं प्रकरण पुढं ठेवतात. शाक्य आणि कोलिय, मध्ये नदी, दोघांना शेतीला पाणी पाहिजे, त्यावरून हाणामारी, आणि शाक्यांचा संघ युद्ध करायचं ठरवतो. सिद्धार्थ संघाचा सभासद. तो सभेत उभा राहून विरोध करतो, मतदानात हरतो, आणि शिक्षा घरच्यांवर येऊ नये म्हणून स्वतः देश सोडणं पत्करतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पैनगंगा आटते आणि इसापूर धरणाचं पाणी सोडा म्हणून काठची गावं ओरडतात. त्यामुळं ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. ध्यान हवं की नको असा वाद बाबासाहेब इथं घालतच नाहीत. ते एवढंच दाखवतात, की बुद्धाची वाट एका सभेतून सुरू झाली, पाण्याच्या भांडणातून, अल्पमतात उभं राहण्यातून. झाडाखालचं बसणं त्यानंतरचं आहे.

आणि आजारी भिक्खूची गोष्ट. एका भिक्खूला हगवण लागलेली. तो आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडं जात नाहीत, कारण तो त्यांच्या काही कामाचा नाही. बुद्ध येतात, आनंदाला पाणी आणायला लावतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. मग संघाला बोलावून सांगतात, की ज्याला माझी सेवा करायचीय त्यानं आजाऱ्याची करावी. ते बाकीचे भिक्खू त्या वेळी काय करत असतील? माझी कल्पना सांगतो : ध्यान करत असतील. स्वतःवर काम करत असतील.

ग्रंथात धम्म सामाजिक आहे असं जे मांडलंय त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं समोरासमोर आली की धम्माशिवाय चालत नाही. म्हणजे वाढ मोजायची जागा माझ्या छातीत नाही. ती माझ्या आणि मावशीच्या मध्ये आहे, हजेरीच्या त्या पानावर आहे.

फाडलेलं पान मी फेकलं नव्हतं. पाठ कोरी होती म्हणून कवितेच्या वहीत ठेवलं होतं, हा माझा चांगुलपणा नव्हे, कंजूषपणा. अकराव्या दिवशी ते पान घेऊन आम्ही सहा जण पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर बसलो. ध्यानाला बसलेला तो दोस्तही आला. खरं सांगायचं तर त्याच्यामुळंच निभावलं. ठेकेदारानं शिव्या दिल्या तेव्हा आम्ही पाच जण उसळलो होतो, हातघाईवर आलो असतो तर पोलिसांत गेलो असतो. तो एकटा हलला नाही. त्याच शांत आवाजात एकच वाक्य म्हणत राहिला, "पान बघा, साहेब." त्या दिवशी मला पहिल्यांदा दोन्ही समता एका माणसात उभ्या दिसल्या.

अर्धा दिवस काम थांबलं. दवाखान्याचा खर्च मिळाला, वर थोडे पैसे मिळाले. बोटं मिळाली नाहीत. माझ्याकडची वही गेली, खुर्ची गेली. आता मी गाठी ढकलतो, एक गाठ एकशे सत्तर किलोच्या आसपास भरते. रात्री पाठ धरते. झोप मात्र ध्यानाशिवाय लागते.

यावरून आपले काही कार्यकर्ते टाळ्या वाजवतील. म्हणतील, बघा, आम्ही सांगतच होतो, ध्यानबिन सगळं थोतांड, संघर्ष तेवढा खरा. थांबा. तुमच्याकडंही यायचंय.

आत्मसुधारणा हा ब्राह्मणी शब्द आहे असं म्हणणाऱ्यांनी महाडच्याच डिसेंबरच्या परिषदेत डोकावावं. तिथं बाबासाहेब बायांशी बोलले. लुगडं कसं नेसावं, अंगावर ओझ्यासारखे दागिने का घालू नयेत, घर कसं स्वच्छ ठेवावं, नवरा किंवा पोरगा पिऊन आला तर त्याला जेवू घालू नये, इतकं बारीक सांगितलं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेबरोबर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात समतेसाठी झटण्याची आहे आणि दारू न पिण्याचीही आहे. अष्टांगिक मार्गाची आहे, खोटं न बोलण्याचीही आहे. त्यांनी आतलं आणि बाहेरचं कधी तोडलं नाही. तोडलं आपण. अर्ध्यांनी प्रज्ञा-शील उचलून डोंगरावर नेलं, अर्ध्यांनी घोषणा उचलून गुत्त्यावर नेल्या. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब न देणारा, घरात बायकोला बोलू न देणारा, दुसऱ्या गटाच्या पोराला शत्रू समजणारा कार्यकर्ता क्रांती करील असं मला वाटत नाही. त्यानं थोडं स्वतःवर काम करायला हरकत नाही.

१९४२ च्या जुलैत नागपूरच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी सांगितलं, की आपली लढाई पैशासाठी नाही, सत्तेसाठीही नाही. ती चिरडलं गेलेलं माणसाचं व्यक्तिमत्त्व परत मिळवण्यासाठी आहे. शब्द बघा. शिबिरवाले म्हणतात व्यक्तिमत्त्वाचा विकास करा. बाबासाहेब म्हणतात ते परत मिळवा. विकास एकट्यानं करता येतो, आरशासमोर उभं राहून. पण जे हिसकावलं गेलंय ते परत घ्यायचं तर हिसकावणाऱ्यासमोर जावं लागतं, आणि तिथं एकटा माणूस पुरत नाही.

माझं म्हणणं आता थोडक्यात येतं. ध्यान करा, पुस्तकं वाचा, दारू सोडा, राग आवरा. पण सहा महिन्यांनी स्वतःला विचारा, की माझ्या या वाढीमुळं माझ्या शेजारच्या माणसाचं काय वाढलं? माझी शांती त्याच्या कामाची आहे, का ती फक्त मालकाच्या कामाची आहे? जिनिंगमध्ये आम्ही कापसातून रुई वेगळी करतो, सरकी वेगळी. रुई पांढरी, मऊ, हलकी, बाजारात भाव तिलाच. पण नुसती रुई मातीत पुरून कधी झाड उगवलेलं मी पाहिलं नाही.

मावशी आता डाव्या हातानं भाकरी थापायला शिकलीय. परवा म्हणाली, "ती कविता मला पण म्हणून दाखव की रे." मी म्हणून दाखवली. या वेळी तिचं नाव घालून. ऐकून म्हणाली, "बरी हाय. पण बोटं दोन गेलीत, तू तीन लिहिलीस."

मी दुरुस्त केली.

जय भीम.